चाचांचा हिरवा झेंडा

जागा भाड्यानं द्यायची तर मालक विचारतात, माणसं किती, गाव कुठलं, नोकरी कुठं. आमच्या लोणावळ्याच्या घरमालकांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं, "कुत्र्याला भेता का?"

भीत होते. लहानपणापासून भीत होते. पण त्या दिवशी सकाळपासून बाजारपेठ ते गवळीवाडा सगळी दारं हिंडून झाली होती. आमच्या ह्यांचा खोकला ऐकला की प्रत्येक दारात एकच उत्तर मिळे. हे टांग्यात शाल पांघरून बसले होते. कुणी वाघाला भेता का म्हणून विचारलं असतं तरी मी नाही म्हटलं असतं.

"नाही भीत," मी म्हटलं. "पण आमच्या ह्यांना छातीचं दुखणं आहे. डॉक्टरांनी हवेसाठी पाठवलंय. आधीच सांगते, मागाहून कटकट नको."

"जल्मभर घाटात इंजिनाचा धूर खाल्लाय आमी," म्हातारा म्हणाला. "खोकत्या मानसाचं मला काय कवतिक सांगता! सामान उतरवा."

असे आमचे चाचा. सगळी आळी त्यांना चाचा म्हणे, म्हणून मीही म्हणायला लागले. उंच, वाळकुडे, दाढी मेंदीनं लाल केलेली. बायको केव्हाच वारलेली, एक मुलगी कामशेतला तांदळाच्या दुकानवाल्यांकडे दिलेली. घरात ते आणि ते कुत्रं. कुत्रं घरात म्हणजे ओट्यावर. उंबरा ओलांडायची त्याला परवानगी नव्हती, आणि त्यानं कधी ओलांडलाही नाही. नमाजाचे कपडे आत खुंटीला, कुत्र्याला हात लावायची लुंगी बाहेर खुंटीला. मशिदीतले एक म्हातारे कुत्रं पाळलं ह्यावरून चाचांशी वर्षभर बोलत नव्हते. चाचा म्हणत, "मी दिसात किती डाव आंगुळ करतो ते इहिरीला इचारा."

चाचा रेल्वेत सांधेवाले होते, गाडीसाठी रूळ बदलून देणारे. घाटाची गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. खंडाळ्याहून खाली कर्जतकडे रूळ इतका उतरता आहे की ब्रेक लागला नाही तर गाडी थेट दरीत जायची. म्हणून मधे एक आडवाट काढलेली असे, चढाच्या अंगानं वर गेलेली. तिथला सांधा कायम त्या आडवाटेलाच लावलेला. सुटलेली गाडी आली तर त्या चढात जाऊन थांबेल. नीट येणाऱ्या गाडीनं आधी तिथं पुरतं उभं राहायचं, शिट्टी द्यायची, मग सांधेवाला सांधा फिरवून तिला खरा रस्ता देणार. ती गेली की सांधा परत आडवाटेला. मेल असो की मालगाडी, प्रत्येकीला हेच. "कालची गाडी नीट ग्येली म्हनून आजचीला आदीच रस्ता द्याचा न्हाई," हे चाचांचं पालुपद. ते भाजीवालीला ऐकवत, टांगेवाल्याला ऐकवत आणि मला तर उठल्याबसल्या.

कुत्र्याचं नाव बँकर. घाट चढताना गाडीला मागून रेटणारं जे इंजिन लावतात, त्याला रेल्वेतली माणसं बँकर म्हणतात. हे कुत्रं चाचांच्या मागून चालायचं ते असंच, नाक त्यांच्या पोटरीला टेकवून, रेटत. रंग धड काळा नाही, धड करडा नाही, राख चाळल्यासारखा. पिल्लू असताना उभ्या मालगाडीखाली सापडलं म्हणे. चाचांनी त्याला नोकरीच्या शेवटच्या वर्षांत केबिनमधे वाढवलं आणि पेन्शनीत सोबत घरी आणलं.

त्याला फेफरं येई. पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा हातातली कळशी सोडून दिली. चांगलं शेपूट हलवत बसलेलं जनावर एकदम कडेवर पडलं, पाय ताठ, जबडा कडकड वाजतोय, तोंडाला फेस. चाचा धावले नाहीत, ओरडले नाहीत. डोक्याखाली पोतं सरकवलं आणि शेजारी मांडी घालून बसले. झटके थांबले तरी पुढं दोन-दोन दिवस कुत्रं भ्रमिष्टासारखं. भिंतीवर आपटायचं, खायचं नाही, चाचांनाही ओळखायचं नाही. मग एखाद्या सकाळी लख्ख डोळ्यांनी उठून बसायचं. खडकीच्या जनावरांच्या डॉक्टरांना दाखवून झालं होतं. ते म्हणाले, हे बरं होणार नाही, गोळी घालून सोडवा. चाचांनी त्यांना सलाम केला आणि कुत्र्याला घेऊन आले.

आता झेंड्यांचं सांगते. नोकरीतले दोन जुने झेंडे चाचांनी जपून ठेवले होते, एक लाल, एक हिरवा. ओट्याच्या खांबाला खिळा. रोज उजाडल्यावर चाचा ती बाहेरची लुंगी नेसून कुत्र्याची तपासणी करत. पापणी वर करून डोळा, ओठ उचलून हिरड्या, मग त्याला ओट्यापासून विहिरीपर्यंत चालवून आणत. पाय वाकडे पडले, मान कलली, की लाल झेंडा खिळ्याला. आळीतली शाळेत जाणारी पोरं तो बघून पलीकडच्या अंगानं जात. झटक्याच्या भरात जबडा कुठं मिटेल ह्याचा नेम नसतो. आणि सगळं नीट असलं तर हिरवा. तपासणी होईपर्यंत खिळा रिकामा. आदल्या दिवशी कुत्रं हरणासारखं उड्या मारत होतं, तरी रिकामा. सूर्य मावळला की झेंडा खाली, मग कुणी काही म्हणो.

हिरवा लागला की चाचांचं जग बदललं. ते तुंगार्लीच्या बंगल्यांतल्या वेताच्या खुर्च्या विणून देत. हिरव्या दिवशी खुर्ची अर्धी राहिली तर अर्धीच राहायची. बंगल्याचा गडी दारात उभा, शेटजींकडे पाहुणे यायचे आहेत, आणि चाचा पितळी बटणांचा रेल्वेचा कोट घालून निघाले. "शेटला म्हनावं, पाव्हन्याला पलंगावर बसीव. आज आमचा बँकर बरा हाय." आणि चालले दोघं तुंगार्लीच्या तळ्याकडे, ते पुढं, कुत्रं पोटरीला नाक लावून मागं.

एकदा डोंगरातल्या वाडीवरची एक बाई मोळी घेऊन उतरली. मुसलमानाचं घर, खांबाला हिरवा झेंडा. तिला वाटलं पीराचं ठिकाण. मोळी उतरवून तिनं ओट्याला डोकं टेकलं आणि द्रोणभर करवंदं ठेवली, ती बरोबर बँकरच्या पुढ्यात. चाचा आतून धावत आले. "अगं बाई, हितं पीर न्हाई! ह्यो माज्या कुत्र्याचा झेंडा हाय!"

बाईनं कुत्र्याकडे बघितलं, चाचांकडे बघितलं. "आसंना का," ती म्हणाली. "टेकलं डोकं तर बिगडलं कुटं?"

पुढं ती दर खेपेला टेके. लाल असला तर उभ्याउभ्या विचारी, "आज बरं न्हाई व्हय लेकराला?" चाचा नुसती मान हलवत.

आमचे हे खिडकीशी खाटेवर असत. खिडकीतून ओटा दिसे. डोळे उघडल्यावर ह्यांचा पहिला प्रश्न, "आज कुठला?" माझा असा संताप व्हायचा! मी इथं ताप बघायला काचेची नळी झटकत उभी, आणि ह्यांना कुत्र्याची काळजी. "हिरवा आहे," मी म्हणे. "आता तोंड उघडा."

मी त्या वेळी एका वाक्यावर जगत होते: बरे झालात की. नवं जरीकाठी उपरणं पेटीत होतं, बरे झालात की घ्या. तुंगार्लीचं तळं चाचांच्या तोंडून ऐकून ऐकून ह्यांना बघायचं होतं, बरे झालात की जाऊ. ताप नाही असे दिवसही येत, नाही असं नाही. पण अशा दिवशी तर जास्तच जपायचं, असं मला वाटे. आलेली ताकद हिंडून का घालवायची? मला आजही वाटतं, माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर तेच करतं.

एकदा चाचा खिडकीशी उभे राहून म्हणाले, "लेकी, आज जावईबापूंचा रंग बरा दिसतो. टांगा सांगू का? तळ्यावर जाऊन येऊ." मला ते लेक म्हणत, म्हणून हे जावईबापू.

"बरे झाले की जाऊ," मी म्हटलं.

"आन न्हाई झाले तर?"

मी भडकले. अशी भडकले की काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तुमच्या कुत्र्याची आणि माझ्या माणसाची बरोबरी करू नका, एवढं मात्र नक्की बोलले. चाचा ऐकून घेत राहिले. मग हळूच म्हणाले, "बराबरी न्हाई करत. माज्या बँकरचं दुकनं जानार न्हाई, त्ये मला ठावं हाय. पर आज त्याला भूक हाय, पाय चालत्यात, त्यो मला वळखतो. आजचा दिस बी मी दुकन्यालाच देऊ का?"

मी खिडकी लावून घेतली. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

कामशेतला त्यांच्या नातीचा साखरपुडा होता. त्या दिवशी नेमका हिरवा लागला. बँकरला तर घरी ठेवणं शक्य नव्हतं आणि नातीला सोडणंही. चाचांनी ओळखीच्या गार्डाला गाठलं आणि मालगाडीच्या ब्रेकमधे, म्हणजे गार्डाच्या डब्यात, बसून दोघं कामशेतला उतरले. मांडवात पाहुणे जमलेले, आणि नवरीचा आजा बाहेर चिंचेखाली कुत्र्याला मांडीशी घेऊन बसलेला. व्याही रुसले. चाचांची मुलगी रडायच्या बेतात आली. शेवटी नातच उठली, नटलेली तशी बाहेर आली आणि आजोबांच्या पाया पडून चिंचेखालीच पेढा भरवून गेली. चाचा ही गोष्ट कोटाच्या बटणांवर हात फिरवत सांगायचे. "सगळ्यांनी मांडवात आशीर्वाद दिला. माजा मोकळ्या हवेतला हाय."

आणि मग ते पिसाळलेल्या कुत्र्याचं झालं. गावात कुठूनसं एक पिसाळलेलं कुत्रं आलं आणि दोघातिघांना चावलं. सगळीकडे घबराट. मोकळी, आजारी, तोंडाला फेस आलेली कुत्री मारण्यासाठी बंदूकवाला फिरू लागला. आळीत जो तो चाचांना एकच सांगे, बँकरला आत कोंडा आणि झेंडा लावायचाच असेल तर काही झालं तरी हिरवा लावा. भाजीवालीनं सांगितलं, मशिदीतल्या त्या अबोला धरलेल्या म्हाताऱ्यांनीही निरोप धाडला.

बंदूकवाला आमच्या आळीत आला त्या सकाळी चाचांनी कुत्र्याला विहिरीपर्यंत चालवलं. मान कललेली होती. मी पाणी भरत होते. सगळा अबोला विसरून म्हटलं, "चाचा, आजच्या दिवस तरी हिरवा लावा हो! बंदूकवाला वरच्या अंगाला आलाय. लाल बघितला की सरळ इथंच येईल."

"पोरं साळंला निगायची येळ हाय," चाचा म्हणाले. "झेंडा बगून येत्यात."

"मी उभी राहते ना वाटेत! मी सांगते पोरांना!"

"आन एकाला सांगायचं ऱ्हायलं तर?" त्यांनी लाल झेंड्याची घडी उलगडली. "खोटा झेंडा दाखवला तर घाटात मानसं मरत्यात, लेकी. माज्यानं न्हाई व्हनार."

त्यांनी लाल झेंडा खिळ्याला लावला. आणि ओट्यावर बँकरच्या पुढ्यात असे बसले की गोळी घालायची तर त्यांच्यातून घालावी लागेल.

घडायचं ते घडलं. बंदूकवाला आणि त्याच्याबरोबरचा साहेब झेंडा बघून वळले, आणि ते ओट्याजवळ येतात न येतात तोच बँकरला झटका आला. ताठ पाय, फेस, सगळं. माणसं जमली. साहेब म्हणाला, "म्हातारबा, बाजूला व्हा."

"साहेब, ही मिरगी हाय. वरसानुवरसं हाय. वाईच थांबा, त्यो उठून पानी पिईल. पिसाळलेलं पानी पितं का?"

"थांबायला वेळ नाही. आणि उठून कुणाला चावला म्हणजे?"

तेवढ्यात माझ्या पाठीमागं खोकला ऐकू आला. आमचे हे खाटेवरून उठून, शाल ओढत, भिंतीला धरून बाहेर येत होते. मी "अहो, अहो" म्हणतेय तोवर ओट्याची पायरी चढलेसुद्धा, आणि चाचांच्या शेजारी, त्या तडफडणाऱ्या कुत्र्याच्या अंगाशी जाऊन बसले. जमलेली माणसं दोन पावलं मागं सरकली. कुत्र्यामुळं की ह्यांच्या खोकल्यामुळं, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

"माझ्याकडेही लोक असंच बघतात, साहेब," हे म्हणाले. एवढं बोलायलाही ह्यांना दम लागला. "मी इथं बसतो. चावला तर मला चावेल. तुम्ही थोडं थांबा."

साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं, टोपी काढली, कपाळ पुसलं. बंदूकवाल्याला खूण केली आणि समोरच्या पायरीवर टेकला.

थांबलो सगळे. झटके ओसरले. कुत्रं नुसतं धापा टाकत पडून राहिलं. मग डोकं उचललं, पुन्हा टाकलं. चाचांनी ओंजळीत पाणी धरलं होतं, ते गळून गेलं की मी परत ओतत होते. शेवटी त्यानं जीभ बाहेर काढली आणि चाचांच्या ओंजळीतलं पाणी लपलप करून प्यायलं. साहेब उठला. "बांधून ठेवा," म्हणाला, आणि गेला. चाचा मात्र रडत होते. हे त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होते, "झालं, झालं. गाडी थांबली होती. निघाली."

बँकर त्यानंतर एक हिवाळा जगला. त्या हिवाळ्यात हिरवे दिवस थोडे, पण चाचांनी एकही वाया जाऊ दिला नाही. गेला तोही हिरव्याच दिवशी. सकाळी तळ्यावर जाऊन आला, भाकरी खाल्ली, ओट्यावर उन्हात आडवा झाला आणि उठला नाही. भाजीवाली म्हणाली, झेंडा तरी उतरवा. चाचा म्हणाले, "सकाळी बगून लावलाय. दिस त्याचा हाय." सूर्य मावळल्यावर त्यांनी तो उतरवला, घडी केली आणि आत ठेवला. परसात जांभळीखाली पुरलं त्याला. डोंगरातली बाई पुढच्या खेपेला आली, रिकाम्या खिळ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता ओट्याला डोकं टेकून गेली.

चाचा तरीही उजाडल्यावर ओट्यावर येत. लुंगी बदलत. कोपऱ्यातल्या पोत्याकडे बघत उभे राहत आणि आत जात. ते खिडकीतून बघवेना. हे सकाळी "आज कुठला?" विचारायचे थांबले होते.

चैत्रातली एक सकाळ. ह्यांना रात्रभर खोकला नव्हता. ताप पाहिला, नव्हता. ह्यांनी चहा मागितला आणि वर म्हणाले, "पोहे कर ना. पुष्कळ दिवसांत खाल्ले नाहीत." डोळे लख्ख. मी पोहे भिजवायला घेतले आणि सवयीनं तोंडात आलं, आज पडून राहा, जपा. म्हणाले नाही. तशीच ओल्या हातानं चाचांच्या दारात गेले.

"चाचा, तो हिरवा झेंडा द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बगितलं का नीट?"

"बघितलं. ताप नाही. भूक आहे. पाय चालतायत."

त्यांनी आतून झेंडा आणला, पण स्वतः लावला नाही. माझ्या हातात दिला. खिळा उंच होता, टाचा वर करून मी तो लावला. मागं वळून बघते तर चाचा कोट घालत होते.

पेटीतलं जरीकाठी उपरणं मी ह्यांच्या खांद्यावर टाकलं. पोहे डब्यात भरले. टांगा तुंगार्लीच्या चढापर्यंत गेला, पुढं थोडी पायवाट होती. चाचा पुढं, मग हे, मागं मी डबा घेऊन. दर चार पावलांवर ह्यांना थांबावं लागत होतं, पण हसत होते. वाटेत एका जागी चाचाच थबकले आणि वळून खाली बघायला लागले, आपल्या पोटरीकडे. तिथं कुणी नव्हतं. चेहरा असा झाला त्यांचा की मला बघवेना.

आमचे हे दोन पावलं वर गेले. त्यांनी चाचांच्या पाठीला मागून हात लावला आणि रेटलं. ज्या माणसाला स्वतःचं अंग चढावर नेता येत नव्हतं, त्यानं.

"चला चाचा," म्हणाले. "मी आहे मागे."

तसेच दोघं वर गेले, एक म्हातारा आणि त्याला रेटणारा एक आजारी माणूस, आणि मी पदरानं डोळे पुसत मागून. तळ्याच्या काठी आम्ही पोहे खाल्ले. ह्यांनी पाण्यात पाय सोडले. मी ओरडले नाही. चाचांनी घाटातल्या गोष्टी सांगितल्या, ऐकलेल्याच, पण त्या दिवशी जास्त रंगल्या. हे दुपारी गवतावर झोपले आणि मी त्यांच्या तोंडावर सावली धरून बसले.

पुढच्या पावसाळ्यात हे गेले. मधे हिरवे दिवस आणखीही मिळाले, ते सगळे मी तळ्यावर, बाजारात, स्टेशनावर गाड्या बघण्यात उडवले. एकही राखून ठेवला नाही. पण मला आठवते ती त्या पहिल्या दिवसाची संध्याकाळ.

टांग्यातून उतरलो. ह्यांच्या पायाला चिखल, अंगाला गवत. ऊन डोंगराआड गेलं होतं. चाचा, जन्मभराच्या सवयीनं, सरळ खांबाशी गेले आणि झेंड्याला हात घातला.

"राहू द्या हो चाचा," मी म्हटलं. "थोडा वेळ राहू द्या. अजून दिसतंय."

चाचांनी आभाळाकडे बघितलं. दिवेलागण झाली होती. समोरच्या घरात कंदील लागला होता.

"व्हय," ते म्हणाले, आणि हात खाली घेतला. "दिसतंय अजून."